गावाकडे येणाऱ्या दोन वाटा: तार आणि उपग्रह

एखाद्या आडगावच्या शाळेला इंटरनेटची जोडणी घ्यायची आहे असे समजू. गावात टेलिफोनची जुनी तार येते, पण तिच्यावरून माहिती फार सावकाश येते. छपरावर थाळी बसवली तर उपग्रहावरून कितीतरी वेगाने माहिती मिळेल, असे विकणारा सांगतो. दोहोंपैकी काय निवडावे? हा प्रश्न १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या शेतावरच्या घरांना पडला. २०००नंतर तो मध्य प्रदेशातल्या सोयाबीन पिकवणाऱ्या गावांपुढे आला. आता थोड्या वेगळ्या रूपात तो गडचिरोली-नंदुरबारच्या वाड्यापाड्यांपुढे आहे.

उत्तर देताना आपण बहुधा एकाच आकड्याकडे पाहतो: सेकंदाला किती बिट? हा आकडा महत्त्वाचा खरा, पण तो एकटा पुरत नाही. का पुरत नाही, हे या दोन वाटांच्या इतिहासातून चांगले समजते. वाटेत थोडे हिशोबही करू. एखाददुसरा सोडला तर ते आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला जमण्यासारखे आहेत.

तारेची वाट

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचे पेटंट १८७६ साली मिळाले. शहरात टेलिफोन झपाट्याने पसरला, खेड्यात मात्र तो रेंगाळला. कारण उघड आहे. शहरात एका किलोमीटर तारेवर शेकडो गिऱ्हाइके मिळतात, तर खेड्यात एका गिऱ्हाइकासाठी कित्येक किलोमीटर तार ओढावी लागते. तारेचा खर्च अंतराबरोबर वाढतो आणि तो वाटून घेणारी माणसे अंतराबरोबर कमी होतात. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही हे कोडे बाजाराने आपोआप सुटले नाही. १९४९ साली तिथल्या संसदेने ग्रामीण विद्युतीकरणाच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि खेड्यांतल्या टेलिफोनसाठी सरकारी कर्जाची सोय झाली. तेव्हा कुठे सहकारी संस्था आणि लहान कंपन्या दूरच्या शेतांपर्यंत तारा नेऊ लागल्या.

लांब तारेची अडचण केवळ पैशाची नव्हती, भौतिकशास्त्राचीही होती. तारेच्या जोडीवरून आवाजाचा विद्युतसंदेश जाताना तो क्षीण होत जातो, आणि त्यातही उच्च वारंवारतेचा भाग अधिक लवकर क्षीण होतो. त्यामुळे दूरचा आवाज नुसता बारीक होत नाही, घोगराही होतो. यावर ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८७ साली एक विलक्षण उपाय सुचवला होता: तारेचे प्रेरकत्व वाढवा. पुढे मायकेल प्युपिन आणि जॉर्ज कॅम्पबेल यांनी १९००च्या आसपास तो प्रत्यक्षात आणला. तारेवर ठरावीक अंतराने वेटोळी, म्हणजे कॉइल, बसवायची. अमेरिकेत रूढ झालेल्या एका पद्धतीत दर सहा हजार फुटांवर, म्हणजे सुमारे १.८ किलोमीटरवर, ८८ मिलिहेन्रीचे एक वेटोळे बसवत. त्यामुळे लांबच्या खेड्यातले बोलणेही स्वच्छ ऐकू येऊ लागले.

पण या उपायात एक देवघेव होती. अशी वेटोळी बसवलेली तार सुमारे साडेतीन हजार हर्ट्झपर्यंतच्या वारंवारता उत्तम वाहते आणि त्यापुढच्या जवळजवळ अडवून धरते. माणसाच्या बोलण्याला तेवढे पुरते, त्यामुळे त्या काळी कोणाचे काही बिघडले नाही. पुढे त्याच तांब्यावरून उच्च वारंवारता वापरून वेगवान इंटरनेट देण्याची डीएसएल पद्धत आली, तेव्हा मात्र हीच वेटोळी आड आली. ती काढून टाकली तरी एक्सचेंजपासून पाच-सहा किलोमीटरपलीकडे डीएसएल नीट चालत नाही. खेड्याचा आवाज ऐकू यावा म्हणून केलेली सोय खेड्याच्या इंटरनेटला बाधक ठरली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात अशी उदाहरणे पुष्कळ सापडतात.

मोडेमची मर्यादा

मग खेड्यात उरला तो साधा मोडेम. संगणकाच्या शून्य-एकाचे आवाजात रूपांतर करून ते टेलिफोनच्या तारेवर सोडायचे आणि पलीकडे त्याचे पुन्हा शून्य-एक करायचे, हे त्याचे काम. मोडेमला बोलण्यासाठी राखलेल्या पट्ट्यातच, म्हणजे साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये, काम भागवावे लागे. या पट्ट्यातून जास्तीत जास्त किती माहिती जाऊ शकते? याचे उत्तर क्लॉड शॅनन यांनी १९४८ सालीच देऊन ठेवले होते. पट्ट्याची रुंदी घ्या, संदेशाची शक्ती गोंगाटाच्या शक्तीच्या किती पट आहे ते पाहा, त्यात एक मिळवा, आणि त्या संख्येचा २ या पायाचा लॉगॅरिदम घेऊन रुंदीने गुणा.

आता आकडे घालू. रुंदी ३१०० हर्ट्झ. संदेश गोंगाटाच्या हजार पट आहे असे धरू. १००१चा २ या पायाचा लॉगॅरिदम जवळजवळ १० येतो. म्हणजे मर्यादा झाली सेकंदाला सुमारे ३१ हजार बिट. १९९४ साली मान्य झालेल्या प्रमाणाचे मोडेम सेकंदाला २८.८ किलोबिट पाठवत. अभियंते निसर्गाच्या मर्यादेच्या किती जवळ पोचले होते, हे यावरून लक्षात येईल. १९९७ साली ५६ किलोबिटचे मोडेम आले, पण त्यासाठी सेवा देणाऱ्याचे टोक थेट डिजिटल जाळ्याला जोडलेले असावे लागे आणि गिऱ्हाइकाची तार बऱ्यापैकी स्वच्छ असावी लागे. लांबच्या, सांधे पडलेल्या, पावसात ओलावणाऱ्या तारेवर संदेशाच्या मानाने गोंगाट वाढतो आणि वरचा लॉगॅरिदम घटतो. तोच मोडेम शहरात ५० किलोबिट आणि खेड्यात त्याच्या निम्मेही देत नसे, यात मोडेमचा दोष नव्हता.

आकाशाची वाट

ऑक्टोबर १९४५मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' या नियतकालिकात आर्थर सी. क्लार्क यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीबरोबर एका दिवसात एक फेरी घेईल आणि जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसेल. असे तीन उपग्रह जवळपास सगळ्या पृथ्वीला संदेश पोचवू शकतील, असे त्यांनी मांडले. १९६४ साली सिन्कॉम-३ हा पहिला भूस्थिर उपग्रह कक्षेत गेला आणि १९६५ साली 'अर्ली बर्ड' या उपग्रहाने अटलांटिकपार व्यापारी सेवा सुरू केली. त्याची क्षमता होती २४० टेलिफोन संभाषणांची.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात आर्वी येथे सुमारे ३० मीटर व्यासाच्या अँटेनाचे भूकेंद्र उभारले गेले. १९७२ साली ते राष्ट्राला अर्पण झाले आणि त्याला विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले. परदेशी जाणारे टेलिफोन त्यातून उपग्रहावर चढू लागले.

साराभाई यांच्या डोळ्यांपुढे मात्र परदेशापेक्षा खेडे होते. उपग्रहाचा खर्च अंतरावर अवलंबून नसतो. दिल्लीच्या शेजारचे गाव आणि ओरिसातल्या डोंगरातले गाव त्याला सारखेच जवळ, किंवा सारखेच दूर. ज्या देशात तारांचे जाळेच नाही, त्याने तारांची पायरी ओलांडून थेट आकाशातून का जाऊ नये, असा हा विचार होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचवण्यात आले. हाच तो 'साइट' प्रयोग. खेड्यात तीन मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची थाळी बसवलेली असे. याच प्रयोगात प्राथमिक शाळांतल्या सुमारे ५० हजार शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण मिळाले.

या थोर प्रयोगाची एक बाजू लक्षात ठेवायला हवी. खेड्यातल्या त्या थाळीला फक्त ऐकता-पाहता येत होते. तिला उलट काही पाठवता येत नव्हते. शिक्षकाला शंका आली तर ती विचारायची वाट पोस्टाची किंवा एसटीची. या उलट्या वाटेचा प्रश्न पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

रुंदी आणि विलंब

आता मूळ तुलनेकडे येऊ. रस्त्याची रुंदी आणि रस्त्याची लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुंद रस्त्यावरून एका वेळी शंभर बैलगाड्या जातील, पण गाव लांब असेल तर पहिली गाडी पोचायला वेळ लागणारच. उपग्रहाची वाट रुंद आहे, पण फार लांबची.

किती लांबची? भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो. प्रश्न जमिनीवरून वर जाऊन खाली येतो आणि उत्तरही तसेच वर जाऊन खाली येते. म्हणजे हे अंतर चार वेळा. एकूण सुमारे १,४३,००० किलोमीटर. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. भागाकार येतो ०.४८ सेकंद. यंत्रांमध्ये जाणारा वेळ मिळवला तर सुमारे ०.६ सेकंद धरायला हरकत नाही. हा विलंब पैसे खर्चून कमी करता येत नाही. प्रकाशाच्या वेगापुढे कोणाचे काही चालत नाही.

टेलिफोनच्या तारेवरचा मोडेम सेकंदाला २८.८ किलोबिट पाठवतो आणि त्याचा प्रश्नोत्तराचा विलंब ०.२ सेकंद आहे असे धरू. उपग्रहावरून सेकंदाला ४०० किलोबिट येतात आणि विलंब ०.६ सेकंद. तीन कामे घेऊ.

पहिले काम: दहा लाख बाइटचे, म्हणजे ८० लाख बिटांचे एक चित्र आणायचे आहे. तारेवरून २७८ सेकंद, म्हणजे साडेचार मिनिटांहून अधिक लागतील. उपग्रहावरून सुमारे २१ सेकंद. इथे वादच नाही.

दुसरे काम: पोस्टकार्डावर मावेल एवढा मजकूर, समजा १५०० बाइट, आणायचा आहे. त्याचे १२ हजार बिट झाले. तारेवरून ०.२ अधिक ०.४२, म्हणजे ०.६२ सेकंद. उपग्रहावरून ०.६ अधिक ०.०३, म्हणजे ०.६३ सेकंद. दोन्ही वाटा बरोबरीत सुटल्या!

तिसरे काम: एकामागून एक अशी ४० छोटी प्रश्नोत्तरे करायची आहेत, आणि प्रत्येक उत्तर आल्याशिवाय पुढचा प्रश्न विचारता येत नाही. प्रत्येक उत्तर शंभर बाइटचे. तारेवरून एकूण सुमारे ९ सेकंद लागतात, उपग्रहावरून २४. 'वेगवान' उपग्रह इथे संथ तारेच्या मागे पडला.

म्हणजे कोणती वाट जलद, हे काय न्यायचे-आणायचे आहे त्यावर ठरते. मोठे एकगठ्ठा सामान असेल तर आकाश बरे. संभाषण असेल, मग ते माणसांचे असो की संगणकांचे, तर तार बरी.

संगणकही आपसात बोलत असतात, हे इथे महत्त्वाचे. इंटरनेटवर माहिती पाठवणारा संगणक थोडे सामान पाठवतो आणि पोच येण्याची वाट पाहतो. १९९०च्या दशकात घरगुती संगणक पोच येईपर्यंत ८ किलोबाइटच्या आसपास माहिती सोडत. ०.६ सेकंदाला ८ किलोबाइट म्हणजे सेकंदाला साधारण ११० किलोबिट. वाट ४०० किलोबिटची असली तरी तिचा जेमतेम पाव हिस्सा वापरला जाई. उरलेला वेळ पोचपावतीची वाट पाहण्यात जाई. यावर उपाय असा निघाला की उपग्रह कंपनीच्या केंद्राने गिऱ्हाइकाच्या वतीने स्वतःच पोच देऊन टाकायची आणि सामान गिऱ्हाइकापर्यंत नेण्याची जबाबदारी आपल्यावर घ्यायची. मधल्या अडत्याने पावती फाडावी, तसेच हे.

अर्धी तार, अर्धे आकाश

या हिशोबातून निघालेली एक सुंदर जोडव्यवस्था अमेरिकेत १९९६च्या सुमारास बाजारात आली. ह्यूज कंपनीच्या 'डायरेकपीसी' या सेवेत गिऱ्हाइकाचे प्रश्न टेलिफोनच्या तारेने मोडेमवरून जात आणि उत्तरे उपग्रहावरून सेकंदाला ४०० किलोबिटपर्यंतच्या वेगाने थाळीत उतरत. प्रश्न लहान असतो, उत्तर मोठे असते. म्हणून लहान वस्तू पायवाटेने आणि मोठी वस्तू हमरस्त्याने. शिवाय आकाशाची एकच खेप होत असल्यामुळे विलंबही थोडा कमी.

तोटे मात्र दोन्हींचे गोळा झाले. थाळीचे पैसे वेगळे, तारेचे वेगळे. इंटरनेट वापरताना फोन अडकून पडे. आणि गावातून मोठे काही पाठवायचे असेल तर वेग मोडेमचाच. २००० सालापासून थाळीतूनच दुतर्फा सेवा मिळू लागली. तार सुटली, पण विलंब पूर्ण झाला, आणि वर पाठवण्याचा वेग खाली येण्याच्या वेगापेक्षा पुष्कळ कमीच राहिला.

आपल्याकडची गावे

भारतात दोन्ही वाटांची कामे शेजारी शेजारी चालू होती. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे डिजिटल एक्सचेंज बनवले. वातानुकूलनाशिवाय, धूळ आणि उन्हाळा सोसत चालेल अशी त्याची रचना होती. १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूरला त्याचा पहिला ग्रामीण वापर झाला. दुसरीकडे, १९८०च्या दशकाच्या अखेरीस नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरने जिल्ह्यांची मुख्यालये उपग्रहाच्या छोट्या थाळ्यांनी जोडायला सुरुवात केली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, ते मोठ्या शहरांत. बाहेरगावच्या माणसाला शहराला एसटीडी फोन लावून इंटरनेट गाठावे लागे. संथ वेग आणि मिनिटागणिक वाढणारे बिल, अशी ही दुहेरी शिक्षा होती.

पुढे गावापर्यंत जाण्याचे अनेक प्रयोग झाले. त्यांपैकी दोन शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला ई-चौपालचा. आयटीसी कंपनीने जून २०००मध्ये मध्य प्रदेशात सोयाबीनच्या खरेदीसाठी गावोगाव संगणक ठेवायला सुरुवात केली. गावातलाच एक शेतकरी 'संचालक' म्हणून तो संगणक सांभाळी आणि बाजारभाव, हवामान, लागवडीची माहिती इतरांना दाखवी. सुरुवातीला जोडणी टेलिफोनची होती. पण तार मध्येच तुटे, वेग पडे, वीज नसे. एक्सचेंजमधल्या यंत्रणेत सुधारणा करून पाहिली गेली. अखेर मोठ्या संख्येने केंद्रांवर उपग्रहाची थाळी, म्हणजे व्हीसॅट, आणि सौर विजेची सोय करण्यात आली. इथे उपग्रह जिंकला तो केवळ वेगाने नव्हे. सकाळी भाव पाहायला आलेल्या शेतकऱ्याला 'आज लाइन बंद आहे' असे सांगावे लागू नये, हे जास्त मोलाचे होते. हा खर्च खरेदी करणाऱ्या कंपनीने उचलला, हेही ध्यानात घ्यायला हवे. एकट्या गावाला तो झेपला नसता.

दुसरा प्रयोग आपल्या वारणेचा. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली वारणा खोऱ्यातली सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प १९९८ साली सुरू झाला. उसाच्या नोंदी, वजन, बिल, खत यांची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, हा त्याचा हेतू. काही वर्षांनी पाहणी झाली तेव्हा दिसले की या संगणकांवरून गाव आणि साखर कारखाना यांच्यात जाणारी माहिती फार थोडी असते: शेतकऱ्याचा क्रमांक, उसाचे वजन, रक्कम. २००६-०७मध्ये मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या संशोधन संस्थेने सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल फोन ठेवून तीच देवाणघेवाण एसएमएसने करून पाहिली, आणि ती चालली. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. उसाच्या पावतीला ते पुरे झाले.

एका ठिकाणी थाळी बसवावी लागली, दुसऱ्या ठिकाणी संगणकही जास्त ठरला. दोन्ही ठिकाणी निर्णय योग्य होता, कारण गावाला काय विचारायचे आहे आणि काय कळायला हवे आहे, हे आधी पाहिले गेले.

वाटेकरी आणि पाऊस

तुलनेत आणखी दोन गोष्टी धराव्या लागतात. एक म्हणजे वाटेकरी. टेलिफोनची तार घरापासून एक्सचेंजपर्यंत एकट्याची असते. उपग्रहाची क्षमता मात्र त्याच्या छायेतल्या सगळ्यांमध्ये वाटली जाते. जुन्या उपग्रहावरच्या ३६ मेगाहर्ट्झच्या एका ट्रान्सपाँडरमधून सेकंदाला साधारण ४० मेगाबिट जातात. एकाच वेळी हजार जण माहिती मागू लागले तर प्रत्येकाच्या वाट्याला ४० किलोबिट. म्हणजे पुन्हा मोडेमचाच वेग! म्हणून उपग्रह कंपन्या ठरावीक वापरापुढे वेग कमी करण्याचे नियम लावत आल्या. नव्या उपग्रहांनी लहान लहान भागांवर वेगळे झोत टाकून क्षमता पुष्कळ वाढवली. २०११ साली सोडलेल्या वायासॅट-१ची क्षमता सेकंदाला १४० गिगाबिटच्या आसपास होती. पण वाटणीचा नियम सुटला नाही.

दुसरी गोष्ट पाऊस. थाळ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या १२ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी जोरदार पावसात क्षीण होतात. कोकणातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. आषाढसरी आल्या की डिश टीव्हीचे चित्र गोठते. मात्र तारेचीही पावसाशी मैत्री नाही. सांध्यात पाणी शिरले की लाइन आठवडाभर मुकी. फरक इतकाच, की पाऊस थांबला की थाळी आपोआप सुरू होते, तारेला लाइनमन यावा लागतो.

खाली उतरलेले उपग्रह

भूस्थिर उपग्रहाचा विलंब उंचीमुळे आहे, तर उपग्रह खाली का आणू नयेत? आणता येतात, पण मग ते आकाशात एका जागी थांबत नाहीत. एक मावळण्याआधी दुसरा उगवावा लागतो. म्हणून तीनऐवजी शेकडो किंवा हजारो उपग्रह लागतात. ७८० किलोमीटरवरच्या ६६ उपग्रहांची इरिडियम सेवा नोव्हेंबर १९९८मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट १९९९मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. १९९४ साली टेलिडेसिक कंपनीने ८४० उपग्रहांतून इंटरनेट देण्याची योजना मांडली होती; २००२ साली तिचे काम थांबले. भौतिकशास्त्र बरोबर होते, पण उपग्रह बनवण्याचा आणि सोडण्याचा खर्च आवाक्याबाहेर होता.

पुन्हा वापरता येणाऱ्या रॉकेटांनी तो खर्च खाली आणला. स्पेसएक्स कंपनीने मे २०१९मध्ये स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह एकदम सोडले. २०२५पर्यंत कक्षेतल्या उपग्रहांची संख्या सात हजारांच्या वर गेली. ते सुमारे ५५० किलोमीटरवर असतात. आधीचाच हिशोब करा: चार वेळा ५५० म्हणजे २२०० किलोमीटर, आणि वेळ सुमारे ७ मिलिसेकंद. जमिनीवरचा प्रवास व यंत्रे धरून प्रत्यक्षात साधारण २५ ते ६० मिलिसेकंद लागतात. संभाषणातला उपग्रहाचा जुना दोष यामुळे जवळजवळ नाहीसा झाला. ३० सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेतल्या एओएल कंपनीने आपली मोडेमची सेवा बंद केली. एका कालखंडावर तिथे पडदा पडला.

पण वाटेकऱ्यांचा नियम इथेही आहे. एका भागात गिऱ्हाइके दाटली की वेग उतरतो. हे उपग्रह साधारण पाच वर्षांत बदलावे लागतात. जमिनीत पुरलेला प्रकाशतंतू दोन-तीन दशके चालतो. आणि आकाशाची ही वाट कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न तारेच्या काळात इतका टोकदार नव्हता.

आज आपल्यापुढे

भारतात ऑक्टोबर २०११मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना मंजूर झाली; तीच पुढे भारतनेट झाली. पंचायतीपासून शाळेपर्यंतचे शेवटचे अंतर मात्र अनेक ठिकाणी उरले. मधल्या काळात बहुसंख्य गावांत इंटरनेट आले ते मोबाइलच्या मनोऱ्यावरून. जिथे मनोराही नाही, अशी डोंगरातली आणि जंगलातली गावे आता मागे राहिली आहेत. जून २०२५मध्ये स्टारलिंकला भारतात दूरसंचार खात्याचा परवाना मिळाला. नोव्हेंबर २०२५मध्ये महाराष्ट्र शासनाने त्या कंपनीबरोबर इरादापत्रावर सही केली. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम या जिल्ह्यांचा उल्लेख आहे.

अशा वेळी शाळेने किंवा पंचायतीने विचारायचे प्रश्न इतिहासातून मिळतात. माहिती खाली किती वेगाने येईल, हे तर विचाराच. पण वर किती वेगाने जाईल? प्रश्न विचारून उत्तर यायला किती वेळ लागेल? ही क्षमता किती जणांत वाटली जाणार? पावसाळ्यात आणि वीज नसताना काय होईल? बिल कोण भरणार, आणि किती वर्षे? आणि उपग्रह आला म्हणून प्रकाशतंतूचे काम मागे तर पडणार नाही ना?

यांतला वर जाणाऱ्या वेगाचा प्रश्न शिक्षकांनी विशेष आग्रहाने विचारावा असे वाटते. २० सप्टेंबर २००४ रोजी भारताने केवळ शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह सोडला. त्याच्या पथदर्शी प्रयोगांत आपले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठही होते. एज्युसॅटवर दोन प्रकारची केंद्रे जोडली जात: काही केंद्रांतून विद्यार्थ्यांना उलट प्रश्न विचारता येई, तर काहींना केवळ पाहता येई. पाहण्याचे केंद्र स्वस्त, म्हणून अनेक शाळांना तेच परवडे. साइटच्या त्या जाळीच्या थाळीपासून हा भेद चालत आला आहे. ज्या जोडणीतून फक्त माहिती खाली येते, ती गावाला प्रेक्षक करते. नंदुरबारच्या पाड्यावरच्या मुलीने टिपलेला पाऊस, तिने काढलेले झाडाचे चित्र आणि तिला पडलेली शंका वर जाऊ शकली, तरच शाळा जाळ्याला खऱ्या अर्थाने जोडली गेली.

वर्गात करण्यासाठी एक उपक्रम. शाळेत कोणतीही जोडणी असली तरी तिच्यावर तीन मोजमापे घ्या: मोठी फाइल उतरवायला लागणारा वेळ, तीच फाइल वर पाठवायला लागणारा वेळ आणि छोट्या प्रश्नाचे उत्तर येण्याचा वेळ. सकाळी, दुपारी आणि रात्री, कोरड्या दिवशी आणि पावसात, असे महिनाभर मोजून तक्ता करा. जाहिरातीतल्या आकड्याशी तो पडताळून पाहा. नवी जोडणी घेण्याचा ठराव पंचायतीपुढे येईल तेव्हा हा तक्ता कामाला येईल.